बाटलीवर काय आणि बाटलीत काय

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. बोलताना जे सांगायचे राहिले ते लिहून काढताना दोन-तीन ठिकाणी घातले आहे.)



मला वेळ दिली आहे वीस मिनिटांची. शाळेत असताना उभं राहून उत्तर द्यायला मला वीस सेकंदही जमायचं नाही, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. तेव्हा मी घरून लिहून आणलंय, आणि वाचूनच दाखवणार आहे.

मेळाव्याच्या समितीने माझ्या नावापुढे "औषध कंपनीत मोठ्या पदावर" असं छापलंय. त्यावरून सकाळपासून चौघांनी मला गुडघेदुखीवर गोळी विचारली. मी डॉक्टर नाही. मेडिकलचं दुकानही माझं नाही. माझं काम असं, की कारखान्यात औषध तयार झालं, डब्यात भरलं, गाडी दाराशी उभी राहिली, तरी एका कागदावर माझी सही झाल्याशिवाय ते गेटच्या बाहेर जात नाही. तीस वर्षं मी हेच करते आहे. आमच्या भाषेत याला 'बॅच रिलीज' म्हणतात. घरच्यांच्या भाषेत, "ही दिवसभर सह्या करते आणि पगार घेते."

सही कशावर असते ते नंतर सांगते. आधी हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगते, कारण ते या शाळेतच झालं.

तेव्हा नाहूरला स्टेशन नव्हतं. ते पुढे २००६ साली आलं. आपण भांडुपला नाहीतर मुलुंडला उतरायचो आणि चालत यायचो. पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला आग्रा रोड आणि त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने. एल.बी.एस. मार्ग हे नाव पाटीवर होतं, तोंडात नव्हतं. भोंग्यावर घड्याळं लावायची आपल्या घरात पद्धत होती. कुणाचे वडील टायरच्या कारखान्यात, कुणाचे हेक्स्टमध्ये, कुणाची आई जॉन्सनमध्ये. माझे बाबा आग्रा रोडवरच्याच एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात होते. त्यांच्या शर्टाला बी-कॉम्प्लेक्सचा वास यायचा. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६. आपली प्रात्यक्षिकं तोंडावर आली होती. त्याच दिवसांत जे.जे. हॉस्पिटलची बातमी पेपरात येऊ लागली. डोळ्यांच्या आणि मेंदूच्या आजारासाठी दाखल झालेले रुग्ण एकामागून एक दगावत होते, आणि दगावत होते ते मूत्रपिंडं निकामी होऊन. ज्या आजारासाठी आले त्याचा मूत्रपिंडाशी काही संबंध नाही. सगळ्यांना एक गोष्ट समान दिली गेली होती, ती म्हणजे ग्लिसरॉल. डोळ्यातला किंवा डोक्यातला दाब उतरवायला ते देत असत. १४ जण गेले.

विज्ञानाच्या बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. तुम्ही त्या दिवशी पेपर घेऊन प्रयोगशाळेत आलात. कपाटातली ग्लिसरीनची बाटली काढून टेबलावर ठेवलीत आणि विचारलंत, "बाटलीवर काय लिहिलंय?" आम्ही सगळे एका सुरात, "ग्लिसरीन." मग तुम्ही विचारलंत, "आणि बाटलीत काय आहे?" आम्ही परत, "ग्लिसरीन." तुम्ही म्हणालात, "कशावरून?"

वर्गात कुणालाच उत्तर देता आलं नाही. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, लिहिलंय ना वर." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "त्या चौदा जणांच्या बाटलीवरही बरोबरच लिहिलं होतं," एवढंच बोललात आणि फळ्याकडे वळलात.

जे.जे.तल्या त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. कारखान्यांत वापरायचा द्रव, ब्रेक ऑइलसारख्या गोष्टींत पडतो. दिसायला ग्लिसरीनसारखाच, पाण्यासारखा स्वच्छ, दाट, आणि चवीला गोड. स्वस्त. पोटात गेला की मूत्रपिंडं निकामी करतो. नाकाला, डोळ्याला, जिभेला दोन्हींतला फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. नंतर न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. हॉस्पिटलच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत सगळ्यांची त्यांनी झाडाझडती घेतली. नोकरीला लागल्यावर मी त्या अहवालाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मनात राहिलं ते इतकंच, की इतक्या हातांतून तो माल गेला, आणि "कशावरून?" हे कुणीच विचारलं नाही. प्रत्येकाने आधीच्याची सही बघितली आणि खाली आपली केली.

आणि ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. अमेरिकेत १९३७ साली याच द्रवात सल्फाचं औषध विरघळवून विकलं गेलं, शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत मुलं पुष्कळ. त्यातून १९३८चा त्यांचा कायदा आला. आपल्याकडे १९८६. आणि गेल्या वर्षी, २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. त्यांतली कितीतरी उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती. वीसहून जास्त मुलं गेली. तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं सिरप. सरकारी तपासणीत त्यात हाच द्रव निघाला, ४८.६ टक्के. चालतो किती, तर ०.१ टक्का. जवळजवळ निम्मी बाटली विष, आणि बाटलीवर छापील लेबल, बॅच नंबर, किंमत, सगळं व्यवस्थित.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. आमच्या कारखान्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तरी मी सकाळी लवकर जाऊन आमच्या गोदामातल्या ग्लिसरीनच्या आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या प्रत्येक पिंपाचे कागद पुन्हा काढून बघितले. एका पिंपाचा नमुना घेऊन बाकीच्या पिंपांवर हिरवी चिठ्ठी लावायची नाही, प्रत्येक पिंप वेगळं तपासायचं, हा आमचा नियम आहे आणि तो पाळला गेला होता. तरी बघितले. स्टोअरवाला म्हणाला, "मॅडम, झालंय ना सगळं." मी म्हटलं, "कशावरून?" बाई, खरंच म्हटलं.

आता सही कशावर असते ते. आमच्याकडे प्रत्येक बॅचची एक फाइल असते, बीएमआर म्हणतात तिला. कच्चा माल कुठल्या पिंपातून घेतला, कुणी तोलला, कुणी बघितलं, मिक्सर किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद, गोळीचं वजन दर अर्ध्या तासाला किती भरलं, किती पट्ट्या झाल्या, किती फाटल्या, किती जाळल्या. शंभर-दीडशे पानं सहज होतात. माल येतो तेव्हा त्यावर पिवळी चिठ्ठी असते, म्हणजे तपासणी चालू. पास झाला की हिरवी, नापास झाला की लाल, आणि लाल माल कुलूपबंद. प्रयोगशाळा आपला रिपोर्ट देते. ती क्यूसी. मी क्यूए. लोकांना हा फरक कळत नाही, खुद्द कंपनीतल्या काहींनाही. क्यूसी सांगते की या नमुन्यात काय निघालं. क्यूएला ठरवायचं असतं की नमुना सोडून जी लाखभर गोळी उरली, तिच्याबद्दल आपण काय सांगू शकतो.

गणिताचे सर मघाशी म्हणाले, तुमच्या धंद्यात गणित काय असणार. सर, असतं. इंजेक्शनच्या बॅचमधून निर्जंतुकपणाच्या तपासणीला साधारण २० बाटल्या घेतात आणि १४ दिवस वाट बघतात, काही उगवतंय का म्हणून. समजा, शंभरात एक बाटली दूषित आहे. म्हणजे दहा हजारांत शंभर बाटल्या. तर त्या वीस नमुन्यांत एकही दूषित बाटली न येण्याची शक्यता किती? ०.९९चा विसावा घात. सुमारे ८२ टक्के. म्हणजे अशी बॅच पाचांतून चार वेळा खुशाल पास होणार. लॉगॅरिथमची पुस्तकं घेऊन तुम्ही आम्हाला जे घोटवलंत ते इथे कामाला आलं.

म्हणून नुसता पास झालेला रिपोर्ट बघून सही करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९७२ साली प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्टच्या हॉस्पिटलमध्ये सलाइनसारख्या, ग्लुकोजच्या बाटल्यांनी रुग्ण दगावले होते. ज्या यंत्रात बाटल्या वाफेवर निर्जंतुक करतात, त्यात हवा अडकून राहिली आणि खालच्या बाटल्यांपर्यंत पुरेशी उष्णता पोचलीच नाही. एका तापमापकाने ते दाखवलंही होतं. तो बिघडलाय असं समजून कामगार दुसऱ्याकडे बघत राहिले. तपासलेल्या बाटल्या मात्र निर्जंतुकच निघाल्या. आम्हाला हे प्रकरण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात. युरोपात १९७५च्या नियमाने प्रत्येक बॅचसाठी एका ठरावीक माणसाला जबाबदार धरलं, त्याला 'क्वालिफाइड पर्सन' म्हणतात. सही कंपनीच्या नावे असली तरी जबाबदारी त्या माणसाची. आपल्याकडे १९४०चा कायदा, १९४५चे नियम आणि त्यातलं शेड्यूल एम. ते शेड्यूल २०२३च्या डिसेंबरात नव्याने लिहिलं गेलं.

बरेच जण समजतात की प्रत्येक औषध सरकार तपासून बाजारात सोडतं. तसं नाही. लशींच्या बॅचेस कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेतून जातात हे खरं. पण तुमच्या बीपीची, शुगरची, पित्ताची गोळी कारखान्यातच सुटते. औषध निरीक्षक येतात, दुकानातून नमुने उचलतात, पण ते नंतर. आधी कुणीतरी माझ्यासारखी बाई किंवा बाप्या टेबलाशी बसलेला असतो. एवढंच.

मी या टेबलाशी कशी आले त्याची मोठी कथा नाही. मुलुंडच्या वझे कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, प्रयोगशाळेत लागले, तीन वर्षांनी एफडीएची मान्यता घेतली, 'अप्रूव्हड केमिस्ट' झाले. त्या दिवशी बाबांनी पेढे आणले आणि एकच वाक्य बोलले: "आम्ही खोकी भरायचो, पण सोडायचं कोणी, ते वर ठरायचं. आता तू वर गेलीस." मला वाटलं, कौतुक करतायत. त्यात काळजीही होती हे मला पुढे समजलं.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगते. समितीने "यशोगाथा" मागितली होती.

१९९८चा मार्च. मी तेव्हा ठाण्यापलीकडच्या एका लहान कंपनीत होते. नाव घेत नाही, ती आता नाहीही. बीपीची अ‍ॅटेनोलॉलची गोळी दोन ताकदींत बनायची, २५ आणि ५०. दोन्ही पांढऱ्या, गोल, आकारात उन्नीस-बीस. एकाच पॅकिंग लाइनवर आधी ५०ची बॅच चालली, मग २५ची. मधे लाइन पूर्ण रिकामी करून, झाडून, तपासून सही करायची असते. ३१ मार्च होता, मालाची गाडी उभी होती, वर्षाचा हिशेब बंद व्हायचा होता. दोन्ही फाइली माझ्या टेबलावर. ५०च्या फाइलीत शेवटचा डबा बंद झाल्याची वेळ ४.२५. २५च्या फाइलीत लाइन रिकामी केल्याची वेळ ४.१०.

मी ते बघितलं. नजरेतून सुटलं असं म्हणायची मला सोय नाही. मी पॅकिंगच्या सुपरवायझरला बोलावलं. ते बाबांच्या वयाचे, सज्जन माणूस. म्हणाले, "मॅडम, घड्याळं दोन आहेत, एक मागे आहे. मी स्वतः लाइन बघितली." मी उठून ती दोन घड्याळं बघायला गेले नाही. पन्नास पावलांवर होती. सही केली.

सोळा दिवसांनी नाशिककडच्या एका केमिस्टचा फोन आला. २५च्या डब्यात ५०च्या पट्ट्या.

सगळी बॅच परत मागवली. हिशेब लावल्यावर कळलं की असे ४० डबे होते. एका डब्यात दहा पट्ट्या. ५०च्या फाइलीत "४०० पट्ट्या नष्ट" असं लिहिलेलं होतं आणि नष्ट करताना साक्षीला कुणाची सही नव्हती. २५च्या फाइलीत उत्पादन किंचित जास्त दिसत होतं, पण मर्यादेत, म्हणून कुणी बोट ठेवलं नाही. लाइनच्या खालच्या पेटीत राहिलेल्या पट्ट्या होत्या त्या. घड्याळं दोन्ही बरोबर होती. मी नंतर जाऊन बघितली.

४० पैकी ३१ डबे परत आले. नऊ आले नाहीत. ते विकले गेले होते. नऊ डबे म्हणजे नव्वद पट्ट्या, नऊशे गोळ्या. अर्ध्या ताकदीची गोळी लागणाऱ्या माणसाला दुप्पट गेली तर नाडी मंदावते, उठताना चक्कर येते, म्हातारं माणूस न्हाणीघरात पडतं. आम्ही दुकानादुकानांत माणसं पाठवली. दुकानदार म्हणायचे, पट्टी कापून चार-चार गोळ्या दिल्या, कुणाला दिल्या ते काय लिहून ठेवतो? आणि कापलेल्या पट्टीवर बॅच नंबर तरी कुठे राहतो. कुणाची तक्रार आली नाही. कुणी पडलं का, मला माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. आजही कुठल्याही हिशेबात नऊचा फरक आला की माझा हात थांबतो.

सुपरवायझरना काढून टाकलं. मला लेखी समज मिळाली आणि पुढच्या वर्षी बढती. हे न्यायाचं झालं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

परळला हाफकिन संस्था आहे, आपली सहल गेली होती, साप बघितल्याचं तेवढं सगळ्यांना आठवत असेल. ती जागा वाल्डेमार हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीची. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचलं होतं, बाटली नंबर ५३-एन. लस मुंबईहून आलेली. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं. पुढे उलगडत गेलं की बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला. बाटली उघडली तेव्हा तिला कसलाही वास नव्हता, ही नोंदही होती. धनुर्वाताचे जंतू मुंबईपासून इतके दिवस आत वाढत असते तर वास आला असता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली त्यांची.

मला या गोष्टीतलं जे भावतं ते म्हणजे तो नंबर. ५३-एन. बाटलीला नंबर होता, कुणाला कुठल्या बाटलीतून दिलं ते लिहिलेलं होतं, म्हणून एकोणीसच्या पुढे आकडा का गेला नाही हे कळलं आणि एका माणसाला अखेर न्याय मिळाला. माझ्या नऊ डब्यांच्या बाबतीत तेवढंही कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट एप्रिल २०२१ची. आपल्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेव्हा रात्रभर जागा असायचा. कुणाला बेड हवा, कुणाला ऑक्सिजन, कुणाला रेमडेसिविर. आमच्याकडे रेमडेसिविर बनत नव्हतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन बनत होतं, आणि त्याचीही ओढाताण होतीच. त्या आठवड्यात आमच्या एका बॅचच्या भरणीच्या वेळी, रात्री, वीज दबकली. भरणीच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवावा लागतो, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. तो दाब अकरा मिनिटं पडला होता. यंत्र चालूच राहिलं. त्या अकरा मिनिटांतल्या बाटल्या कुठल्या, हे ट्रेंवरून खात्रीने सांगता येईना. बॅच १८ हजारांची.

मी बॅच अडवली. कारखान्याचे प्रमुख माझ्या खोलीत आले. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "मॅडम, खोली रिकामी होती, दारं बंद होती, हवेतल्या कणांचा आलेख बघा, जवळजवळ ठीक आहे. बाहेर काय चाललंय ते तुम्ही बघताय." चौदा दिवसांनी प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. पास. वीसच्या वीस स्वच्छ. ते परत आले. मी त्यांना ते ८२ टक्क्यांचं गणित करून दाखवलं. ते म्हणाले, "आणि त्या सगळ्या चांगल्या असतील तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लाल चिठ्ठी लावली. १८ हजार बाटल्या नष्ट केल्या, यावेळी साक्षीला स्वतः उभी राहून.

त्याच चौदा दिवसांत आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा मला फोन आला होता. तिला विचारूनच हे सांगते आहे. तिचा दादा हॉस्पिटलमध्ये होता, आणि हेच इंजेक्शन मिळत नव्हतं. ती म्हणाली, "अगं, तुझ्या हातात आहे ना? पाच दे. दोन दे." मी तिला सांगितलं की माल अडवलाय. "का?" मी सांगू लागले, दाब, अकरा मिनिटं... ती मधेच म्हणाली, "तू मला शाळा शिकवू नकोस," आणि फोन ठेवला. इंजेक्शन तिला तिसऱ्या दिवशी पुण्याहून मिळालं. दादा नवव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले की तीन दिवसांनी फरक पडला नसता. ती माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. मग एकदा मुलुंड स्टेशनच्या पुलावर समोरासमोर आलो. ती म्हणाली, "मला कळतं गं. पण तेव्हा तुझा फार राग आला होता." मी म्हटलं, "मलाही आला होता." आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे.

मी बरोबर केलं का? इथे बसलेल्या डॉक्टरांपैकी कुणी म्हणेल, हो; कुणी म्हणेल, अतिच केलंस. १९९८ला मी चुकले हे मला पक्कं माहीत आहे. २०२१चं माहीत नाही आणि कधी कळणारही नाही, कारण ज्या बाटल्या कुणाला टोचल्याच नाहीत त्यांचा निकाल लागत नसतो. आमच्या धंद्यात चुकीचं पाऊल उठून दिसतं, बरोबर पडलेलं दिसतच नाही. नव्या मुली कामाला लागतात, त्या विचारतात, मॅडम, तुम्ही कसं ठरवता? मी त्यांना १९९८ची ती दोन पानं दाखवते. झेरॉक्स जवळ ठेवली आहे. ४.१० आणि ४.२५. म्हणते, आधी उठून घड्याळ बघून ये, मग आपण बोलू.

वीस मिनिटं झाली, मॉनिटर अजूनही घड्याळ दाखवतोय, चाळीस वर्षांत सुधारला नाही. शेवटचं एक सांगते आणि बसते.

मघाशी चहाच्या वेळी बाईंनी पर्समधून त्यांची बीपीची पट्टी काढून मला दाखवली. म्हणाल्या, "यावर तुझी सही कुठे असते गं?" बाई, सही पट्टीवर नसते, ती फाइलीत असते. पट्टीवर असतो बॅच नंबर, आणि त्यावरून फाइल सापडते, फाइलीतून माणूस सापडतो. मी तुमची पट्टी उलटी करून बघितली. दुकानदाराने कापून दिलेल्या चार गोळ्या होत्या. नंबर आणि तारीख छापलेली कड दुकानातच राहिली होती. बाटलीवर काय लिहिलंय हे तुम्ही आम्हाला विचारायचात. इथे तर लिहिलेलंच कापून टाकलंय. ती पट्टी मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे. जेवण झालं की आपण दोघी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊ आणि अख्खी पट्टी घेऊ, बिलावर बॅच नंबर घालून. तुम्ही आधीच्या गोळ्या कुठल्या दुकानातून घेतल्या तेही मला सांगून ठेवा. उरलेली कड अजून त्याच्या डब्यात असेल.